बदली माणूस

नलूताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला की समजायचं, पाहुणे आले आहेत. एरवी त्या दारातूनच हाक मारत. हात फक्त पाहुण्यांसमोर.

"हा आमचा भालचंद्र गुरव," त्या म्हणाल्या. "जन्मापासून दिसत नाही. एवढासा होता तेव्हा माझ्याकडे आला. आज आमच्या अंध मुलांच्या संस्थेची सगळी ब्रेल प्रेस याच्या बोटांवर चालते. भालू, दाखव रे यांना."

मी कानावरचे हेडफोन काढले, स्पीकर लावला आणि दाखवलं. शाळेची पुस्तकं आमच्याकडे डोळस मुलांसाठी केलेल्या फायलींतून येत. त्यांत चित्रांखालच्या ओळी, रंगीत चौकटी, समासातल्या टिपा, तक्ते, सगळं एकात एक कालवलेलं असे. ते निवडून, नीट लावून, ब्रेलच्या आखूड ओळीत बसेल असं करायचं, हे माझं काम. त्यासाठी मी बटणं आणि खिडक्या असलेलं कुठलंही सॉफ्टवेअर वापरत नसे. नुसत्या आज्ञा टाइप करायच्या. प्रत्येक आज्ञेचं काम एकच. 'सेड' शोधून बदलते, नाहीतर काढून टाकते. 'ऑक' तक्त्यातले रकाने वेगळे करते. 'फोल्ड' हव्या त्या लांबीवर ओळ मोडते. दोन आज्ञांच्या मध्ये एक उभी रेघ टाकली की पहिलीच्या हातातलं दुसरी घेते, दुसरीच्या हातातलं तिसरी. मी दाबलेलं प्रत्येक अक्षर संगणक बोलून दाखवतो. दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

"आणि माऊस?" एका पाहुण्यानं विचारलं.

"ज्याला बाण दिसत नाही त्यानं उंदीर पाळून काय करायचं?" नलूताई म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. सगळे हसले.

मी एंटर दाबलं. पलीकडच्या खोलीत यंत्र खडखडत जाड कागदावर ठिपके उठवायला लागलं. टाळ्या झाल्या. मग त्याच पाहुण्यानं विचारलं, आणि उद्या हा नसला तर?

"हा कुठं जातोय," नलूताई म्हणाल्या. हात खांद्यावर तसाच राहिला, पाहुणे चहाला उठेपर्यंत.

त्याच सकाळी मला पुण्याहून फोन आला होता. एका दैनिकाच्या वेबसाइटवर उपसंपादकाची जागा होती. चाचणी मी आधीच दिली होती. वृत्तसंपादक करंदीकर नावाचे गृहस्थ होते, तुटक बोलणारे. पहिल्या तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घ्यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं होतं. मी हो म्हणून बसलो होतो.

पाहुणे गेल्यावर मी ताईंना सांगितलं. त्यांना खरंच आनंद झाला. कपाटातून पेढा काढून त्यांनी स्वतः माझ्या तोंडात घातला आणि डोळे पुसले; पदराचा आवाज मला ओळखू येतो. मग म्हणाल्या, "जा की. मी काय तुझ्या पायात बेडी घातलीय? फक्त एवढं दहावीचं होऊ दे. आणि तुझ्या जागी कुणीतरी तयार कर. जूनमध्ये मुलांना रिकाम्या हातानं बसवू नकोस."

रास्त होतं. माझ्या आधी मुलांच्या हातात पुस्तक पडेपर्यंत वर्ष सरत आलेलं असे, आणि मी त्याच मुलांतला एक होतो. दुसऱ्याच्या तोंडून धडा ऐकून पाठ करणं काय असतं ते मला माहीत होतं.

पण मागच्या खेपेला, रेडिओवरचं काम चालून आलं तेव्हा, असंच नववीचं व्हायचं होतं. त्याआधी, बँकेच्या वेळी, गणिताचं. आणि बदली माणूस मी दोन्ही वेळा तयार करायला घेतला होता. सोपान नावाचा मुलगा जरा हाताशी येतो न येतो तोच बायंडिंगला माणूस कमी पडला, म्हणून तिकडे गेला. दुसऱ्या वेळी घेतलेल्या मुलीचा गळा चांगला निघाला, तिला गाण्याच्या वर्गाला घातलं. दोन्ही वेळी कारण खरं होतं. दोन्ही वेळी गाडी मला न घेता गेली.

या खेपेला मी शकीला मुलाणीला मागून घेतलं. ती बायंडिंगच्या खोलीत पानं शिवायची. बारावी झालेली, विट्याकडची. तिलाही दिसत नसे. पहिल्याच दिवशी तिनं संगणकाचं बोलणं थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "दादा, हा म्हातारा झालाय का? केवढा हळू बोलतोय." मी वेग वाढवला. तिनं आणखी वाढवायला लावला. शेवटी तो इतका भरभर बोलायला लागला की मलाच कान टवकारावे लागले.

ती शिकली. नुसत्या आज्ञा पाठ करून भागत नाही, कारण प्रत्येक पुस्तकाचं दुखणं वेगळं असतं. धडा आधी ऐकायचा, कुठं काय नको आहे ते ओळखायचं आणि मग नेम धरून आज्ञा लिहायची. ती रुंद लिहिली की हवं तेही जातं, अरुंद लिहिली की नको तेही राहतं. शकीलाला नेम धरता यायला लागला होता. बरोबर जमलं की ती कुणाला सांगायची नाही, नुसती बांगडी टेबलावर एकदा वाजवायची.

मग इतिहासाचं पुस्तक आलं. 'खालील चित्र पाहा' अशा ओळी आमच्या मुलांना निरुपयोगी. त्या काढायला शकीलानं आज्ञा दिली की ज्या ज्या ओळीत 'चित्र' आहे ती ओळ काढून टाक. ओळी गेल्या. करमणुकीच्या धड्यातल्या चित्रपटाच्या ओळीही गेल्या आणि चित्रकलेचा अख्खा परिच्छेद गेला.

आमच्याकडे पहिली प्रत दोघांनी मिळून तपासायची रीत होती. निवृत्त शिक्षक इनामदार सर छापील पुस्तक मोठ्यानं वाचत, मी बोटांनी ब्रेल वाचत पुढं सरके. मध्ये कुणी बोलायचं नाही. चूक आली की मी टेबलावर टिचकी मारायची. त्या दिवशी मी टिचक्या मारून दमलो. शेवटी सर म्हणाले, "अरे, या धड्यात नाटक आहे, तमाशा आहे, सिनेमाच कुठं गेला?" शकीला बाजूला उभी होती. तिला हसू आवरेना, मलाही. ज्याला दिसत नाही त्यालाच चित्रं काढून टाकायची एवढी घाई व्हावी. मीही पहिल्या वर्षी असलाच घोटाळा केला होता. मूळ फाइल जागेवर असते. आज्ञा सुधारली आणि धडा परत आला. वाया गेला तो कागद.

दुसऱ्या दिवशी शकीलाला नलूताईंनी परत बायंडिंगला पाठवलं.

मी विचारायला गेलो. ताई म्हणाल्या की मुलगी गुणाची आहे, पण दहावीचं वर्ष आहे, पोरांच्या आयुष्याशी खेळ नको. पुढच्या वर्षी निवांत शिकव. मी म्हणालो, पुढच्या वर्षी मी नसणार. त्या म्हणाल्या, "बघू रे." हा शब्द त्या फार मायेनं म्हणत.

आठवड्याभरानं करंदीकरांचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाजात अवघडलेपण होतं.

"गुरव, एक विचारायचं होतं. तुम्हाला सतत सोबत लागते का?"

"नाही. का?"

"तुमच्या संस्थेत चौकशीला फोन केला होता. बाई फार चांगलं बोलल्या तुमच्याबद्दल. पण म्हणाल्या, त्याला बाहेर एकटं राहायची सवय नाही. कुणीतरी बरोबर लागेल. आमच्याकडे पहाटेची पाळी असते, हो."

मी म्हणालो, मी एकटा येईन. तारीख तीच. ते म्हणाले, मग या. पण त्या 'या'मध्ये पहिल्या फोनचा जोर नव्हता.

नलूताईंनी काही नाकारलं नाही. "खोटं काय सांगितलं मी? गटारात पडला होतास तेव्हा कुणी उचललं?"

"तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, ताई."

"माझ्या लेखी अजून तेवढाच आहेस."

त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. ती असती तर मी त्याच दिवशी बॅग भरली असती. या बाईनं मला ताप आला की रात्र रात्र उशाशी बसून काढली होती. माझं पहिलं ब्रेलचं पान स्वतः टोचून दिलं होतं. मी दाराकडे जायला लागलो की त्या वाटेत उभ्या राहत नसत. त्या नुसत्या जुन्या आठवणी काढत.

म्हणून मी असा मार्ग शोधला, ज्यात त्यांना नाही म्हणता येऊ नये. मी म्हणालो, शकीलाला एकदा तुमच्यासमोर बसवतो. भूगोलाचं पुस्तक आलंय, त्यातला तुम्ही म्हणाल तो धडा. तिनं केला तर मी पहिल्या तारखेला जातो. नाही जमला तर थांबतो. हे दुसरं वाक्य मी कशाच्या बळावर बोललो? शकीलाला ते जमणार होतं, या खात्रीवर. ताई म्हणाल्या, ठीक आहे, इनामदार सरांनाही बोलावते.

दुपारी आम्ही जमलो. सरांनी तक्त्यांनी भरलेला नद्यांचा धडा काढला. शकीला आली तेव्हा तिच्या हातांना बायंडिंगच्या खळीचा वास येत होता. मी माझी खुर्ची मागं ओढली आणि तिला म्हणालो, बस.

ती बसली नाही.

"शकीला, दादा म्हणतो, तुला सगळं येतं," नलूताई म्हणाल्या. "करून दाखवतेस का?"

"न्हाई, ताई," ती म्हणाली. "मला येत न्हाई."

मी तिचं नाव घेतलं.

"सिनेमा उडवला होता की मी," ती म्हणाली. "दादा उगंच माझी बढाई मारत्यात. मी जाऊ? खळ वाळतीय."

ती गेली. इनामदार सर खाकरले. नलूताईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, असू दे, वाईट वाटून घेऊ नको. मी खुर्चीत बसलो आणि हेडफोन लावले. काम नव्हतं, तरी लावले. कानात काहीच वाजत नव्हतं.

संध्याकाळी शकीला पाण्याच्या टाकीपाशी हात धूत होती. मी विचारलं, खोटं का बोललीस?

"तुम्ही मला विचारलं होतं?"

"काय?"

"तिथं बसणार का, म्हणून."

मी म्हणालो, मला वाटलं तुला आवडतं. ती म्हणाली, "शिकायला आवडतंय. अडकायला कुणाला आवडंल? आज मी धडा केला असता तर तुम्ही पुण्याला गेला असता. आणि पुढचे पाहुणे आले की खांदा माझा."

नळ चालू होता. तो तिनं बंद केला.

"मग मी जाऊ कसा?" मी विचारलं.

"पायानं."

मला राग आला. मी म्हणालो, चेष्टा नको, मुलांच्या पुस्तकांचं काय? ती म्हणाली, "वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या मावशी गेल्या, गाडीवाला गेला. त्यांना कुणी म्हटलं, बदली माणूस आणा मग जावा? तुम्हालाच म्हटलं. तुम्ही ते खरं धरून बसलाय. माणूस तयार करायचा, ताईंनी तो हलवायचा, तुम्ही परत नवा शोधायचा. सोपानदादाला इचारा. त्याला अजून वाटतंय, आपल्याला जमलं न्हाई म्हणून काढलं."

सोपानला असं वाटत असेल हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. मी म्हणालो, त्यांचं काम दुसरं कुणीही करू शकतं, म्हणून ते जाऊ शकले.

"म्हंजे काम चांगलं येतंय त्याची ही शिक्षा," ती म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "पुस्तक लेट होणार, दादा. होणारच. मी तुम्हाला गोड सांगत न्हाई. पण ते संस्थेनं बघायचं. तुम्ही संस्था हाय का?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते 'हो' असं होतं. तेच मला तिथं उभ्या उभ्या कळलं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच समजत आलो होतो, आणि ताईंनी ते समजू दिलं होतं. मी खोलीवर गेलो.

उरलेले दिवस मी भूगोलावर घालवले. जेवढं झालं तेवढं केलं. कुठल्या धड्यात काय अडतं, त्याला कोणती आज्ञा लागेल, ती का तशीच लिहायची, हे सगळं एका फायलीत उतरवून ठेवलं. पुस्तक संपणार नाही हे दिसत होतं. अर्धं काम टेबलावर ठेवून उठायची मला सवय नव्हती. हाताला ते बोचत होतं, दुसऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं.

निघायच्या सकाळी मी बॅग घेऊनच प्रेसमध्ये गेलो. नलूताई तिथं होत्या. त्यांना कळलं असणार.

"ताई, मी जातोय," मी म्हणालो. "भूगोल अर्धा आहे."

त्या रागावतील, रडतील, गटाराची गोष्ट काढतील, या सगळ्याची मी तयारी केली होती. त्यांनी यातलं काही केलं नाही. माझी खुर्ची करकरली. त्या तिच्यात बसल्या होत्या.

"सांग," त्या म्हणाल्या. "पहिलं काय दाबायचं?"

साठी ओलांडलेली बाई. स्वतःच्या मोबाइलवरचा निरोपसुद्धा दुसऱ्याकडून टाइप करून घ्यायच्या. तो डाव नव्हता. त्या खरोखर शिकायला बसल्या होत्या, आणि मी बॅग खाली ठेवली असती तर त्या रोज बसल्या असत्या, चुकत, न कंटाळता, जूनपर्यंत, आणि मग पुढच्या जूनपर्यंत.

"शकीलाला विचारा," मी म्हणालो. "पण बस म्हणून सांगू नका. बसशील का, असं विचारा. तिला काय हवंय ते आधी विचारा. आणि नाही म्हणाली तर तिचं ऐका."

"आणि मी विचारते त्याचं काय?"

मी वाकलो, त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तिथं पाहुणा कुणी नव्हता. मी उठलो आणि बाहेर आलो.

व्हरांड्यात पोचलो तेव्हा मागून संगणक बोलला. "एस." मग बराच वेळ काही नाही. त्या अक्षर शोधत असणार. "ई." पुन्हा पोकळी. "ई." मग एंटरचा आवाज, आणि संगणकानं नेहमीच्या निर्विकार सुरात सांगितलं, "कमांड नॉट फाउंड."

मी थांबलो. एका अक्षराचं काम होतं. आत जायचं, बोट धरून योग्य बटणावर ठेवायचं, यायचं.

"दादा," बायंडिंगच्या खिडकीतून शकीला म्हणाली. "ते ऐकू नका. गाडी चुकंल."

"'सेड'चं तिसरं अक्षर चुकतंय."

"चुकू दे. त्यांचं हाय ते."

भूगोलाचं पुस्तक त्या वर्षी मुलांच्या हातात दिवाळीनंतर पडलं. सहामाहीची तयारी त्यांनी दुसऱ्यांकडून वाचून घेऊन केली. नलूताईंनी शकीलाला विचारलं ते श्रावणात. ती म्हणाली, बसते, पण शेजारी आणखी एक खुर्ची टाका आणि तिच्यावर सोपानदादा बसंल. त्याला परत हलवलं तर मी पण उठले. ताईंनी त्यावर विचार करायला वेळ मागितला, आणि शकीलानं तो दिला. हे मला तिनंच फोनवर सांगितलं, मी पहाटेची पाळी संपवून चहा घेत असताना.

पण हे पुढचं. त्या सकाळी आत पुन्हा सुरुवात झाली होती. "एस." मी पायऱ्या उतरलो. "ई." फाटकाची कडी मी चाचपून काढली आणि फाटक मागं ओढून घेतलं. तिसरं अक्षर बरोबर आलं की नाही, ते कळायच्या आत मी रस्त्याला लागलो होतो.